अर्डिसला देखावे आवडायला लागले

८ सप्टेंबर, घर

उद्या सकाळी निघायचं. पिकअपचं ऑइल बदललं, टायरची हवा बघितली. अर्डिसने खसखशीच्या कोलाचींचा, म्हणजे भरल्या गोड पावांचा, डबा भरला, चार दिवस पुरतील म्हणाली. मला ओळखून चार म्हणाली, नाहीतर आठ दिवस सहज पुरतील.

ही वही जोलीनने नाताळात दिली. जोलीन आमची मुलगी. ती ओमाहात राहते आणि जगात कोणाचं भलं कशात आहे हे तिला बसल्या जागी कळतं. "बाबा, निवृत्त माणसाने काहीतरी लिहीत जावं," म्हणाली. नऊ महिने वही कोरीच होती. आता लिहायला विषय मिळाला, आणि खरं सांगायचं तर थोडी धाकधूकही आहे, तीही कुठेतरी ठेवायला हवी.

धाकधूक अशी. दोन ऑक्टोबरला मी चौऱ्याहत्तर पुरे करतो आणि त्याच दिवशी माझं लायसन्स संपतं. नवीन हवं तर कोर्टाच्या इमारतीत जाऊन डोळे तपासायच्या यंत्राला कपाळ टेकायचं आणि आतली अक्षरं वाचायची. पत्र आलंय. अर्डिसने वाचून दाखवलं, माझा चष्मा नेमका तेव्हा सापडत नव्हता. अर्डिसला लहानपणापासून फिट येतात, म्हणून तिला लायसन्स कधी मिळालंच नाही. किराण्याचं दुकान आमच्या दारापासून एकतीस मैलांवर आहे. म्हणजे माझं लायसन्स गेलं की घर गेलं. जोलीनने म्हाताऱ्यांच्या वसाहतीचं रंगीत पत्रक आधीच पाठवून ठेवलंय. प्रत्येक फोटोत कोणीतरी हसतंय. इतकं हसण्यासारखं तिथे काय असतं कोण जाणे.

मी चाळीस वर्षं गुरांचा ट्रक चालवला. एकदाही कोणाला खरचटलं नाही. देशात रस्ते खंडीभर आहेत, पण मी जीव लावलेले चारच: इथला वाळूच्या टेकड्यांमधला दोन नंबरचा हायवे, मग कोलोराडोतला ट्रेल रिजचा घाट, इंडिपेंडन्स खिंड, आणि यूरेहून सिल्व्हर्टनला जाणारा. ते चारही पुन्हा एकदा चालवायचे, मग यंत्रापुढे जाऊन बसायचं. अर्डिस म्हणाली, "जाऊया की." इतक्या चटकन म्हणाली की मीच गडबडलो.

९ सप्टेंबर, अलायन्स

पहिला रस्ता झाला. टेकड्यांवर गवत पिवळं पडलंय, तळ्यांत बदकं. एक मात्र खरं की विजेच्या खांबांकडे हल्ली कोणी लक्ष देत नाही. प्रत्येक खांब मध्येच वाकलेला. अर्डिसला म्हटलं, "बघ, दोन वाऱ्यांत सगळे आडवे होणार." ती म्हणाली, "हो का." आमच्याकडे "हो का"चे सतरा अर्थ होतात.

एका चौकात डावीकडून एक ट्रक कुठून उगवला कळलंच नाही. भोंग्याने कान फाटले. मी स्टिअरिंग मारलं, तो सुटला, आम्हीही सुटलो. ट्रकवाला खिडकीतून काहीतरी ओरडला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"मार्व्ह," अर्डिस म्हणाली, "तिथे थांबायची पाटी होती बहुतेक."

"नवीन लावली असेल."

"असेल."

दहा मैल गेल्यावर तिने मांडीवरचं विणकाम पिशवीत घातलं आणि पिशवी पायाशी ठेवली. मला वाटलं आता रुसली. पण मग एकदम म्हणाली, "बघ ना मार्व्ह, पुढे रस्ता किती छान डावीकडे वळतो. त्या पवनचक्कीच्या अलीकडेच."

माझा कानांवर विश्वास बसेना. सेहेचाळीस वर्षं ही बाई माझ्याशेजारी मान खाली घालून विणत बसली आहे. मोठमोठे डोंगर मी दाखवले, तेव्हा "हं" करून टाके मोजत बसली. आज मात्र आपणहून बोलत होती, आणि अलायन्स येईपर्यंत थांबली नाही. पूल अरुंद आहे, समोरून निळा ट्रेलर येतोय, गुरं कुंपणाच्या आत आहेत. मी खूश झालो. म्हातारपणी का होईना, बायकोला रस्त्याची गोडी लागली.

११ सप्टेंबर, एस्टेस पार्क

समोरच्या काचेवर मधोमध एक डाग आहे. सकाळपासून सहा वेळा पुसला. पेट्रोलपंपावर वायपर बदलून घेतले. तिथला माणूस म्हणाला, "काका, काच लख्ख आहे, यात भांग पाडता येईल." हल्ली कोणाला काम नीट करायचंच नसतं. डाग तसाच आहे.

बॉलपेनची शाईही हल्ली फिकी येते. दुकानातून काळं जाड पेन घेतलं, खोक्यांवर नावं लिहितात ते. पानावर सहाच ओळी मावतात, पण निदान लिहिल्यासारखं वाटतं.

उद्या ट्रेल रिज. संध्याकाळपासून खोलीत येरझारा घालतोय. जेवणात तळलेलं खाल्लं म्हणून असेल.

१२ सप्टेंबर, ग्रँड लेक

लिहून टाकतो, म्हणजे उद्या खोटं बोलता येणार नाही. आज मला भीती वाटली. बारा हजार फुटांवर, जिथे झाडंही उगवत नाहीत आणि रस्त्याच्या कडेला नुसतं आकाश असतं, तिथे माझ्या तळहातांना इतका घाम आला की स्टिअरिंग निसटायला लागलं. हाच रस्ता मी तीसेक वर्षांपूर्वी एका हाताने चालवला होता, दुसऱ्या हातात सँडविच होतं. भित्रेपणा म्हातारपणी येतो का? आमच्या वडिलांना तर आला नव्हता. त्यांना नव्वदाव्या वर्षी बैलाने लोळवलं, तरी ते बैलालाच शिव्या देत होते.

अर्डिसने मात्र कमाल केली. "आता उजवीकडे दरी उघडतेय बघ, किती सुंदर. आता रस्ता डोंगराकडे जातो, डावीकडे, अजून डावीकडे. समोरून पांढरी गाडी येतेय, छान आहे ना?" पांढऱ्या गाडीत छान काय असतं ते मला कळलं नाही, पण तिचा उत्साह बघून मी मान डोलावली.

एका वळणावर गाड्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "दगड बघायला कशाला थांबतात लोक?" अर्डिस जरा थांबून म्हणाली, "हरणं आहेत मार्व्ह. मोठी हरणं. चाळीस तरी असतील." मग हलकेच म्हणाली, "मातकट रंगाची आहेत म्हणा." तेवढ्यात दगड चालायला लागले.

आज तिचं जेवणात लक्ष नव्हतं. सूप तसंच राहिलं.

१४ सप्टेंबर, अ‍ॅस्पेन

इंडिपेंडन्स खिंड झाली. उजव्या बाजूचा आरसा गेला. खडक रस्त्यात आला होता. असल्या अरुंद जागी दोन गाड्या सोडायच्या म्हणजे काय चेष्टा आहे? वर मधली पट्टीही रंगवत नाहीत.

अर्डिसच्या हाताला आरशाची काच लागली, थोडं रक्त आलं. मी घाबरून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, जरासं. तू पुढे बघ." आमच्या मुलखात घराला आग लागली तरी लोक "जरा उकडतंय" म्हणतात. तिच्या आईने तुटलेल्या पायाने गाईची धार काढली होती आणि म्हणे "थोडं अवघडलंय." त्या घराण्याची बायको केल्यावर ही भाषा शिकायला मला दहा वर्षं लागली.

१५ सप्टेंबर

विश्रांती. अर्डिस दिवसभर झोपेन म्हणाली, पण मी बघावं तेव्हा ती टक्क जागी. डॉक्टरांनी तिला बजावलंय की झोप हेच तिचं औषध, झोप मोडली की फिट यायची शक्यता. गोळ्या घेते आहे ना विचारलं. घेतेय म्हणाली. शेवटची फिट येऊन अकरा वर्षं झाली. प्रवासाचा आनंद झाला की लहान मुलांची झोप उडते ना, तसंच असेल.

१६ सप्टेंबर, गनिसन

आजचं लिहायचं मन होत नाही. पण लिहितो.

गनिसनच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. अशा ठिकाणी पाटी घेऊन एक माणूस उभा असतो, तो थांब म्हणाला की थांबायचं, चल म्हणाला की चालायचं. आज एक मुलगी होती. मला ती दिसलीच नाही. गवताच्या रंगाचे कपडे घालून भर रस्त्यात उभं राहायचं म्हणजे काय?

अर्डिस बोलत होती. "मार्व्ह, पुढे एक मुलगी उभी आहे. किती गोड मुलगी आहे. नारिंगी जाकीट किती शोभतंय तिला. मार्व्ह, ती पाटी दाखवतेय. मार्व्ह, ती रस्त्यात आहे मार्व्ह."

"मार्व्ह" तिने अशा आवाजात म्हटलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी तिरकी झाली, रस्त्यावर मांडलेले दोन प्लॅस्टिकचे शंकू उडाले, आणि कोणीतरी माझ्या खिडकीच्या अगदी जवळून मागे उडी मारली. मग ती खिडकीशी आली. जवळ आल्यावर तिचं जाकीट खरंच नारिंगी निघालं. वीसेक वर्षांची असेल. ओरडेल असं वाटलं होतं. नुसती पाटी छातीशी धरून उभी होती.

अर्डिस माझ्यावरून वाकून तिला म्हणाली, "माफ कर गं बाळ. सूर्य डोळ्यांवर आला."

सूर्य आमच्या पाठीमागे होता. पण त्या वेळी मीही म्हटलं, हो, सूर्य.

पुढे पाच मैलांवर गाडी थांबवली. अर्डिसने डब्यातली शेवटची कोलाची काढून मला दिली, स्वतः घेतली नाही. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असावी. मी म्हटलं, "अगं, असं भडक काहीतरी घालायला नको का त्यांनी?" ती म्हणाली, "हो ना."

१८ सप्टेंबर, यूरे

उद्या शेवटचा रस्ता. इथून सिल्व्हर्टन तेवीस मैल. त्यातल्या पहिल्या सहा मैलांवर कठडा नाही. हिवाळ्यात बर्फ ढकलायला जागा हवी म्हणून बांधतच नाहीत. आपल्या उजव्या चाकाशेजारी पांढरी रेघ, रेघेशेजारी हवा, आणि हवेखाली नदी.

सकाळी न्याहारीला गेलो. वाढणारी बाई साठीची, सगळ्यांनाच राजा म्हणते. "काय राजा, खिंडीकडे निघालात? माझं ऐका. फिरून दुरँगोला जा आणि तिकडून वर या. म्हणजे डोंगराच्या कुशीने याल. इकडून गेलात तर सगळी दरी तुमच्या बाजूला."

"चाळीस वर्षं ट्रक चालवलाय," मी म्हटलं.

"ट्रक चालवणारेच जास्त पडतात राजा, बाकीचे जपून जातात," ती म्हणाली आणि कॉफी ओतून गेली.

अर्डिस म्हणाली, "तिकडून जाऊया ना मार्व्ह. मला काही घाई नाही." मी नाही म्हटलं. मग म्हणाली, "नाहीतर इथेच राहूया दोन दिवस. गरम पाण्याचे झरे आहेत. तुझी पाठ शेकून निघेल." मी नाही म्हटलं. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मला एकदम धडकी भरली. काय बोलणार होती कुणास ठाऊक, पण ते ऐकायचं नाही एवढं मला कळत होतं. मी घाईघाईने म्हटलं, "हा रस्ता नाही केला तर मी त्या यंत्रापुढे बसणार नाही. मला आधी माझी खात्री करून घ्यायचीय."

ती हात काढून म्हणाली, "बरं. मी आहे बरोबर."

खात्री कशाची करून घ्यायचीय, ते मलाही नीट सांगता येणार नाही. खिडकीतून डोंगर दिसतात, कडेकडेने स्पष्ट, मधोमध धुरकट. काचेवरचा डाग आता खोलीच्या खिडकीवरही आहे.

हे वाक्य मी लिहिलं आणि मग बराच वेळ बघत बसलो. उद्या लवकर निघू.

२० सप्टेंबर, सिल्व्हर्टन

काल लिहिता आलं नाही. आज जसं घडलं तसं लिहितो.

काल सकाळी नऊला निघालो. ऊन स्वच्छ होतं, अ‍ॅस्पेन जातीची झाडं पिवळीधमक. गाव सुटलं आणि चढ लागला. अर्डिस बोलत होती, पण तिचा आवाज कोरडा होता. "डावीकडे वळण, घट्ट. आता सरळ. थोडा डावीकडेच राहा मार्व्ह, तिकडे खडकाचा रंग बघ किती सुंदर आहे, तांबूस. बोगदा येतोय. बोगद्यानंतर उजवीकडे वळण." तिचं ऐकत मी चालवत होतो. रात्रभर तिला झोप नव्हती, पहाटे मी पाहिलं तेव्हा खुर्चीत बसून होती.

बोगद्यातून बाहेर आलो. उन्हाने सगळं पांढरं झालं. "आता उजवीकडे," ती म्हणाली, "हळूहळू उजवीकडे, मग लगेच..."

आणि थांबली.

मी वाट बघितली. "मग लगेच काय?" ती बोलेना. "अर्डिस, मग लगेच काय?"

आणि तेव्हा मला कळलं. रस्ता कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर एक करडा गोळा होता आणि त्याच्या कडांना एकीकडे डोंगर, एकीकडे आकाश. मधे रस्ता असायला हवा होता, तो नव्हता. गेले दहा दिवस तो तिच्या तोंडून येत होता आणि मी समजत होतो की मला दिसतोय. काच, वायपर, पेनाची शाई, वाकलेले खांब, सगळं एकदम आठवलं. ती नारिंगी जाकिटातली मुलगी आठवली. इतका मी कधी घाबरलो नव्हतो, ट्रकचे ब्रेक गेले होते तेव्हाही नाही. तेव्हा निदान कुठे आदळणार हे दिसत होतं.

ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला. इंजिन बंद पडलं. हँडब्रेक ओढला. मग अर्डिसकडे मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तसं जरा दिसतं. ती ताठ बसली होती, डोळे उघडे, बोटं स्वेटरचं बटण चिमटीत धरून सारखी चोळत होती. फिट. अकरा वर्षांनी. मी तिचा खांदा धरला, मान धरली, तिच्याशी बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. बहुधा मीच तिला रस्त्याचं वर्णन सांगत होतो.

मागे गाड्या थांबल्या. कोणी भोंगा वाजवला नाही, ते जास्त भयंकर वाटलं. एक मोटारसायकल पुढे आली. मागच्या सीटवरून एक बाई उतरली, कातडी जाकीट घातलेली, दाराएवढी रुंद. नाव रॉन्डा, ते मागाहून कळलं. ती माझ्या खिडकीशी आली.

"काका, सगळं ठीक ना?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "झकास! जरा देखावा बघत होतो."

असा मी. बायको शेजारी भानावर नाही, चाकाखाली काय आहे माहीत नाही, आणि मी झकास. आमच्या मुलखाचं पाणीच तसं आहे. मेल्यावरही आम्ही "तक्रार नाही" म्हणू.

तेवढ्यात अर्डिसने मोठा श्वास घेतला. फिट ओसरली की थोडा वेळ ती लहान मुलीसारखी असते, भिडस्तपणा कुठेतरी मागे राहिलेला असतो. तिने रॉन्डाकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाली,

"त्याला दिसत नाही."

रॉन्डा माझ्याकडे बघू लागली.

"अजिबात?"

"मधलं काही दिसत नाही," अर्डिस म्हणाली. "मी सांगते तेव्हा त्याला दिसतं."

मला राग आला. आधी राग आला, हे खरं आहे ते लिहितो. परक्या बाईसमोर! मग राग उतरला आणि खाली काहीच नव्हतं.

रॉन्डाने वाकून पुढच्या उजव्या चाकाकडे बघितलं. उभी राहिली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "काका, हँडब्रेकला हात लावू नका. आजी, तुम्ही हलू नका. मी दार उघडते आणि काका माझ्या बाजूने उतरतात. घाई नाही. आज कोणालाही घाई नाही." मी उतरलो. तिने माझा दंड असा धरला की अजून निळा आहे. तिच्या नवऱ्याने मागच्या गाड्या मागे घेतल्या. मग ती माझ्या जागी बसली, गाडी मागे घेऊन डोंगराच्या कडेला लावली, आणि मी पलीकडच्या दाराने आत शिरलो. अर्डिस मधे सरकली होती, तिचे हात बर्फासारखे गार.

चाक कुठे होतं हे रॉन्डाने सिल्व्हर्टनला पोचेपर्यंत सांगितलं नाही. पोचल्यावर मी विचारलं. "रेघेच्या पलीकडे," ती म्हणाली. "पलीकडे किती?" तिने तळहात उघडून दाखवला, मग मिटून घेतला. "जाऊ दे ना काका. आजीला झोपवा."

इथल्या दवाखान्यात अर्डिसला तपासलं. ती ठीक आहे, बारा तास झोपली. माझ्याही डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. डॉक्टरणीने बऱ्याच गोष्टी सांगितल्या, त्यातली एकच लक्षात राहिली: हे एका महिन्यात झालेलं नाही.

२१ सप्टेंबर

मला माझंच अक्षर वाचता येईना, म्हणून सकाळी वही अर्डिसला दिली. म्हटलं, वाच. तिने पहिल्या पानापासून सगळं मोठ्याने वाचलं. "बायकोला रस्त्याची गोडी लागली" तिथे थांबली आणि नाक पुसलं. मुलीच्या जाकिटाचं वाक्य तिने दोनदा वाचलं.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गाडी थांबवली असतीस. गाडी थांबली की घर गेलं." तिने वही मिटली. "मला घर हवं होतं मार्व्ह. त्या मुलीला आपण मारलं असतं. तरी त्यानंतरही मला घरच हवं होतं. मी प्रत्येक वळणावर देवाला सांगत होते, एवढं एक जाऊ दे. एक गेलं की पुढच्याला पुन्हा तेच."

माझा चष्मा हरवला नव्हता, पत्र आलं तेव्हा तो खिशात होता. मला माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याचीच आता सगळ्यात जास्त भीती वाटते. दरी एका जागी असते. हे कुठेही बरोबर येतं.

दोन तारखेला मी कोर्टात जाणार नाही. जोलीनचा नवरा उद्या विमानाने येतोय, आम्हाला आणि पिकअपला घेऊन जाईल. जोलीनला फोन मीच केला, अर्डिसने नंबर लावून दिला आणि फोन स्पीकरवर ठेवला. मी सगळं सांगितलं, खिंड, फिट, चाक. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही, जोलीनच्या बाबतीत हे पहिल्यांदाच. घराबद्दल बोलेल, पत्रकाबद्दल बोलेल म्हणून मी तयारीत होतो. तिने एवढंच विचारलं,

"बाबा, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"थांब," मी म्हटलं, "तुझ्या आईला विचारतो."

अर्डिसने विचार करायला वेळ घेतला नाही. "मागच्या वर्षीच्या मार्चपासून," ती म्हणाली. "आपल्याकडचे रस्ते त्याला पाठ होते, म्हणून चाललं."

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हटलं.

"आहे मी," ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "आई, या जुलैमध्ये माझी मुलं तुमच्याकडे होती. बाबा दोघांना गाडीतून जत्रेला घेऊन गेले होते."

जत्रेचं मैदान आमच्या घरापासून सदतीस मैल आहे. त्या दिवशी मुलं मागे गाणी म्हणत होती आणि अर्डिस माझ्याशेजारी बसली होती. तिने फोन माझ्याकडे सरकवला. मी तो परत तिच्याकडे सरकवला.